सिद्राम वॉलमनचा सिनेमा

विठ्ठल, विठ्ठल, विठ्ठल! थांबवा टाळ. बसा, माउली, बसा. पुढची लेकरं जरा मागं सरका — अरे बाळा, मृदंगाला पाय लागतोय तुझा! हां. आता ऐका.

आज मी आधी प्रश्न विचारणार आहे. पण उत्तर लगेच द्यायचं नाही, कबूल? मग सांगतो. ज्या सिनेमात माणसं कापतात, हात तुटतात, रक्ताचे पाट वाहतात, मुंडकी चेंडूसारखी उडतात — तसला सिनेमा आवडीनं बघणारा माणूस पापी का पुण्यवान?

“पापी!” — आलंच का! दादा, लगेच द्यायचं नाही म्हणालो होतो! आणि एवढ्या ठसक्यात बोललात, म्हणजे कालच बघून आलाय तुम्ही. हसू नका हो त्यांना. दोन वर्षांपूर्वी मीही हेच उत्तर दिलं होतं. ते सुद्धा माइकवर!

एक ओळ आहे. संतांची नाही, माझीच आहे तोडकीमोडकी. आवडली नाही तर मला बोला, संतांना नको.

डोळां जें देखिलें, पोटीं नाहीं गेलें ।
वायां मग केलें, भजन तें ॥

डोळ्यांनी पाहिलं आणि पोटात उतरलंच नाही, तर सारं भजन फुकट गेलं म्हणा. मी तीस वर्षं गातोय. माझ्या पोटात किती उतरलं, ते मला एका वॉलमननं दाखवलं. त्याचंच आज आख्यान!

साळवंडी नावाचं तालुक्याचं गाव. चैत्रातला सप्ता. सातही दिवस कीर्तन माझंच. का? तर दुसरे बुवा मोकळे नव्हते! खरं सांगायला लाज कसली? गावात शिरताना जीपमधून बघतो, तर टॉकीजवर हे एवढं पोस्टर! त्यावर एक माणूस, एका हाताचा. हातात भला मोठा पान्हा. पान्ह्यावरून रक्त ठिबकतंय! सिनेमाचं नाव ‘सातवं शहर’. परदेशातला सिनेमा, पण हिंदीत बोलणारा.

मग काय! विषय आयता मिळाला. पहिल्याच दिवशी मी तासभर त्या सिनेमावर तुटून पडलो. म्हटलं, ही राक्षसी करमणूक आहे! म्हटलं, जो त्या टॉकीजची पायरी चढेल त्यानं माझ्या मंडपाची पायरी चढू नये! बघितला होता का मी सिनेमा? छे! पोस्टर बघितलं होतं. न बघता बोलायला जेवढा जोर येतो, तेवढा बघून येतो का मंडळी?

दुसऱ्या दिवशी दुपारी टॉकीजचे मालक माझ्या मुक्कामी आले. हातात नारळ आणि पेढे! म्हणाले, “महाराज, तीन दिवस माश्या मारत होतो. काल तुम्ही सिनेमा असा काही सांगितलात — आज जादा खुर्च्या टाकाव्या लागल्या!”

घ्या! कीर्तन माझं, आणि टॉकीज त्याचं भरलं! मी पेढा खाल्ला. आता पेढ्याचा काय दोष?

तिसऱ्या दिवशी सकाळी एक बाई आल्या. शेवंताबाई. पदर डोक्यावर घट्ट, डोळे रडून सुजलेले. पाया पडल्या आणि तिथंच बसून राहिल्या. म्हटलं, “काय झालं, माउली?”

“महाराज, आमच्या मालकान्ला वाचवा. सिनेमानं येडं केलंय त्येन्ला.”

त्यांचे मालक म्हणजे सिद्राम घोडके. नगरपालिकेचा वॉलमन. शहरातल्या मंडळींना ठाऊक नसेल. गावाच्या रस्त्याखाली चेंबर असतात, चेंबरमध्ये व्हॉल्व्ह. ही एवढी चार फुटांची लोखंडी चावी असते, वरती आडवा दांडा. ती आत बसवायची आणि फिरवायची. फिरवली की या आळीला पाणी, उलटी फिरवली की त्या आळीचं बंद. नगराध्यक्ष कोण ते लेकरांना माहीत नसतं, पण वॉलमन कोण ते आळीतल्या कुत्र्यालाही माहीत असतं! साळवंडीत तर पाणी दिवसाआड. वॉलमनची सायकल दिसली की बायका घागरी घेऊन धावायच्या.

शेवंताबाई म्हणाल्या, “रोज तीनच्या खेळाला जात्यात. आल्यावर जेवत न्हाईत, बोलत न्हाईत. काल मी पान्याचा तांब्या पुढं ठेवला, तर त्या तांब्याकडंच बगत बसले! एकोणीस वरसं रोजंदारीवर काढली, महाराज. आता कुठं सायबांनी शब्द दिलाय. काल्याच्या दिवशी, तुमच्या हातनं, मंडपात, कायम केल्याची ऑर्डर देणार हाईत. आन् ह्यांच्या डोक्यात मारामारी शिरलीया. ती चावी लोखंडाची हाय हो! घातली कुनाच्या डोक्यात तर?”

बघा, काय अडकलं होतं त्या बाईचं! एकोणीस वर्षांची वाट, आणि चार दिवसांवर आलेला एक कागद. मी म्हटलं, “माउली, तुम्ही निश्चिंत राहा. मी त्याला समजावतो.”

पण समजवायचं तर सिनेमा बघायला हवा. आणि बघायचा तर पायरी चढायला हवी! आता काय करायचं?

चौथा दिवस. चैत्राचं ऊन, अंगाची लाही होतेय — आणि मी डोक्यावर माकडटोपी घालून, अंगावर उपरणं गुंडाळून, खाली मान घालून टॉकीजमध्ये शिरलो. अंधारात चाचपडतोय. तेवढ्यात बाजूनं आवाज आला, “महाराज, इकडं बसा. ही खुर्ची मोडकी नाही.”

कोण असेल? आमचे मृदंगवाले केरबाबुवा! हे इथं बसलेत ना, हेच! बुवा, खाली काय बघता? सांगा मंडळींना, कितव्यांदा आला होतात? दोन बोटं! म्हणजे कोणती खुर्ची मोडकी, ते पाठ होईपर्यंत!

आणि सिनेमा सुरू झाला.

काय सांगू मंडळी! मी ठरवून गेलो होतो की नाक मुरडायचं. पाच मिनिटांत नाक, डोळे, कान, सगळं त्या पडद्यावर! पुढच्या कुठल्या तरी शतकातली गोष्ट. बाहेरची हवा विषारी झालेली. माणसं काचेच्या घुमटाखालच्या शहरात राहतात. श्वासाची हवा नळानं येते! प्रत्येक दारावर एक हिरवा दिवा. दिवा हिरवा, तर घरात हवा. लाल झाला, तर माणसानं छाती धरायची. वरच्या मनोऱ्यांत हवेचे मालक राहतात, आणि खाली, काळोख्या वस्त्यांत, बाकी सगळे.

आणि त्या शहरात एक माणूस. त्याला नाव नाही, नुसता नंबर. चाळीस नंबर. काम काय? हवेचे वॉल सोडायचे आणि बंद करायचे! वरून हुकूम येतो, हा जातो, चाक फिरवतो, घरी येतो. विचारत नाही, बोलत नाही. त्याचा तो चेहरा, मंडळी! नुसता थकलेला. तो नट दहा मिनिटं एक शब्द बोलत नाही, पण आपल्याला त्याच्या पाठीचं दुखणं कळतं. असा अभिनय मी जन्मात पाहिला नव्हता.

मग एक दिवस हुकूम येतो. वरच्या लोकांचा सण आहे. सात दिवस नाचगाणं, दिव्यांची आरास. हवा जास्त लागणार. म्हणून खालच्या एकोणिसाव्या वस्तीची हवा तोडा!

मला असा राग आला! खुर्चीचा हात आवळून मी पुटपुटलो, “काय हलकट माणसं आहेत ही! यांच्या नाचापायी दुसऱ्यांचा श्वास तोडतात!” केरबाबुवा म्हणाले, “हळू, महाराज!”

चाळीस नंबरनं चाक फिरवलं. वस्तीचे दिवे एकेक करून लाल झाले. आणि तो निघाला घरी. उंच जिना आहे. चढतोय, चढतोय. आठव्या पायरीवर थांबला. टॉकीजमध्ये एक बाई शेंगदाणे खात होती, तिचा हात तोंडाशीच राहिला. तो उभा आहे. वर घर आहे, दिवा हिरवा आहे, ताट वाढलेलं आहे. आणि — तो वळला!

त्यानंतर जे सुरू झालं! पहारेकरी आले, लोखंडी कुत्रे आले, हाताच्या जागी करवत लावलेले राक्षस आले. हा एकटा, आणि हातात पान्हा! धाड! एक पडला. धाड! दुसरा. करवत फिरली — याचा डावा हात खांद्यापासून गेला, मंडळी! भसकन रक्त! मी डोळे मिटले. बोटांच्या फटीतून उघडले. उरलेल्या एका हातानं तो लढतोय, चाकापर्यंत सरपटत जातोय. चाक हलेना. मग छाती लावली, दात लावले! आणि चाक कर्र करून फिरलं. एक दिवा हिरवा झाला. मग दुसरा. मग अख्खी वस्ती!

आणि मी काय केलं? खुर्चीवर उभा राहिलो आणि बोटं तोंडात घालून शिट्टी मारली! टोपी पडली खाली, दिवे लागले, आणि मागून कुणीतरी ओरडलं, “अरे, हे तर आपले महाराज!”

हसा, हसा! दुसऱ्या दिवशी टॉकीजबाहेर पाटी होती, ‘महाराजांनी उभं राहून पाहिलेला सिनेमा’!

पण खरं सांगतो, लाज वाटली नाही मला. का वाटावी? आपण लेकरांना मांडीवर घेऊन काय ऐकतो? खांबातून देव प्रकट झाला. मग काय केलं त्यानं? त्या दैत्याची समजूत घातली? चौकशी समिती नेमली? पोट फाडलं! आतडी गळ्यात घातली! आणि आपण हात जोडून म्हणतो, आणखी सांगा महाराज! तिथं रक्त आवडतं का आपल्याला? रक्त कुणाला आवडतं हो? आपल्याला आवडतं ते हे, की कुणीतरी एकदाचं उठलं! रोज मान खाली घालून जगणाऱ्या माणसाला अंधारात बसून एवढंच बघायचं असतं. ज्यांनी तो सिनेमा काढला त्यांना हे कळलेलं होतं. माझा त्यांना दंडवत आहे.

तर असो. खेळ सुटला. चहाच्या गाड्यावर सिद्राम उभा होता, सायकलला ती लोखंडी चावी बांधलेली, म्हणून ओळखला. किडकिडीत माणूस, पन्नाशीचा, तळहात दगडासारखे. पाया पडला. मी विचारलं, “कितव्यांदा पाहिलात?”

“चवथ्यांदा.”

“काय वाटलं?”

“झ्याक हाय. फकस्त एक चुकलंय, महाराज. त्यो चाक उजवीकडं फिरवतोय आन् म्हनं हवा सुरू! उजवीकडं फिरवल्यावर बंद हुतंय. सोडायचं तर डावीकडं. हात तुटला त्येचा, तरी कुनी सांगितलं न्हाई त्याला!”

मी हसलो. तो नाही हसला. मी म्हटलं, “सिद्राम, एवढी मारामारी रोज बघणं बरं नव्हे. घरच्यांना काळजी वाटते.”

“मारामारी चांगलीच हाय. पन मी त्याच्यासाठी न्हाई येत.” त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. “त्यो आठव्या पायरीवर थांबतो बगा. तेवढंच बगाया येतो. मला रोज वाटतं, आज न्हाई वळनार. आज सरळ घरला जाईल. काय चुकलं त्येचं? हुकूम वरचा हाय, घरी बायको हाय. पन रोज वळतोच की हो, महाराज! कसा वळत आसंल?”

आता बघा! समोर माणूस एवढं काळीज उघडून उभा आहे. आणि मी? मी काय बोललो? तीस वर्षांचं तोंडपाठ! म्हटलं, “हे बघा, सिनेमा तो सिनेमा. आपल्या वाट्याला आलेलं काम, वरिष्ठांनी सांगितलेलं, निष्ठेनं करावं. त्यातच देव आहे.”

तो म्हणाला, “निष्ठेनंच करतोय, महाराज.” आणि सायकल घेऊन गेला.

मला वाटलं, मी मोठं काम केलं! शेवंताबाईंना निरोपही धाडला — काळजी नको, समजावलंय म्हणून.

पाचवा दिवस. संध्याकाळचं कीर्तन. मंडप गच्च भरलेला. पहिल्या रांगेत नगराध्यक्ष दौलतराव बसलेले, पांढरे स्वच्छ कपडे, कपाळाला बुक्का. सप्त्याची सगळी जबाबदारी त्यांचीच. आणि काय व्यवस्था! धूळ उडू नये म्हणून मंडपाभोवती दोन वेळा सडा. पंगतीला हजार माणूस, तरी हात धुवायला नळ वाहतोय. मी येताना पायांवर घागर, जाताना घागर. मी दौलतरावांची माइकवर स्तुती करत होतो. “असा कारभारी लाभला, म्हणून या उन्हाळ्यात हा मंडप पाण्यानं न्हाऊन निघतोय!” टाळ्या!

आणि मधल्या वाटेनं सिद्राम चालत आला. खांद्यावर चावी.

बायकांत गलका झाला. शेवंताबाई तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. मलाही धडकी भरली. त्यानं चावी टेकवली जमिनीवर, हात जोडले. “महाराज, बोलायचं हाय.”

आता नारदाच्या गादीवर उभ्या माणसाला मध्ये तोडत नसतात. मी म्हटलं, “बसा, सिद्राम. कीर्तन झाल्यावर बोलू.”

“बसलो तर मग माझ्यानं उठवायचं न्हाई, महाराज.”

आणि उभ्यानंच बोलला. मोठ्यानं नाही, पण माइक जवळ होता, सगळ्यांना ऐकू आलं. म्हणाला, “सप्ता बसल्यापासनं खालच्या आळीचा वॉल बंद हाय. सायब म्हनले, मंडपाला कमी पडू ने. पयल्या दिवशी मीच बंद केला. ह्याच चावीनं. एकोणतीस आटे. पाच दीस झाले. तिथली मान्सं विटभट्टीच्या डबक्यावरनं पानी आनत्यात. एक बाळंतीण हाय, आठ दिसांची. मला वाटलं, येत्याल, भांडत्याल, श्या घालत्याल. कुनी आलं न्हाई, महाराज! मीच गेलो काल. म्हातारी काय म्हनली ठावं हाय? म्हनली, देवाचं काम हाय बाबा, काढू सात दीस. आन् वर मलाच ताक दिलं!”

दौलतराव उठले. आवाज गोड. “सिद्राम, काल्याला आपली ऑर्डर आहे. आठवतंय ना?”

“आठवतंय, सायब. मी चाललोय वॉल सोडाया. महाराजान्ला सांगून जावं म्हनलं, कारन पानी त्येंच्या पायावरचं हाय.”

माझ्या पायावरचं!

मंडळी, सिनेमात त्या वरच्या नाचणाऱ्यांना मी हलकट म्हणालो होतो. खुर्चीचा हात आवळून म्हणालो होतो. तो नाचणारा मी होतो! पाच दिवस त्या म्हातारीच्या घागरीतलं पाणी माझ्या पायांवर पडत होतं आणि मी माइकवरून कारभाऱ्याची आरती ओवाळत होतो! काल हा माणूस चहाच्या गाड्यावर मला हेच विचारत होता, आणि मी त्याला निष्ठा शिकवली. थू माझ्या कीर्तनावर!

रागावू नका, गादीवरून असा शब्द काढू नये. पण निघाला.

सिद्राम वळला आणि चालायला लागला. सगळे माझ्याकडे बघतायत. दौलतराव म्हणतात, “महाराज, चालू द्या, चालू द्या.” आणि खोटं कशाला बोलू? मी लगेच नाही उतरलो. मनात आलं, पुढच्या वर्षीचं आमंत्रण जाईल. केरबाबुवांनी मृदंग गळ्यातून काढला, खाली ठेवला आणि ते चालायला लागले. तेव्हा कुठं माझा पाय हलला!

खालच्या आळीच्या तोंडाशी चेंबर. आम्ही पोचलो, तर दौलतरावांची दोन पोरं, तालमीतली, मोटारसायकलवरून आधीच येऊन झाकणावर बसलेली. मांड्या अशा! सिद्राम त्यांच्यापुढं उभा. हातात चार फूट लोखंड. मला पडद्यावरचं सगळं दिसायला लागलं — पान्हा, धाड, रक्त! मी डोळे मिटणारच होतो.

तेवढ्यात गर्दीतून शेवंताबाई पुढं आल्या. वाटलं, आता नवऱ्याचे पाय धरणार. म्हणणार, चला घरी, आपली ऑर्डर! त्या आल्या. नवऱ्याकडं एकदा बघितलं. आणि पदर खोचून त्या पैलवानांवर फिरल्या!

“उठा रं! एकोणीस वरसं कामाला उशीर केला न्हाई त्यांनी, आन् आज तुमच्यामुळं करू व्हय? उठा! का मी हात धरून उठवू? लुगड्यातल्या बाईनं उठवलं म्हनून तालमीत तोंड दावाल का?”

काय ताकद हो त्या आवाजात! एक पोरगं उठलं. दुसऱ्यानं गर्दीकडं बघितलं. आख्खा मंडप मागं येऊन उभा होता. तोही उठला. रक्ताचा थेंब नाही!

सिद्रामनं चावी बसवली. जुना वॉल, पाच दिवस आवळलेला. दहा आटे झाले, बारा झाले, आणि चावी पुढं हलेना. मी पुढं झालो, उपरणं टाकलं, दांड्याला हात घातला आणि सारा जीव लावला.

“महाराज! उलटं फिरवताय! बंद कराल!”

सिनेमा बघून शिकलेलं ना! मग डावीकडं लावला जोर. केरबाबुवांनी लावला. एकोणतिसावा आटा सुटला आणि पाइपात घरघर झाली. आळीत कुठंतरी घागर आपटल्याचा आवाज आला, मग एक लेकरू ओरडलं, “आलं!”

त्या दिवशी मंडपात हात धुवायला पाणी नव्हतं. पंगत तशीच उठली. देव रागावला का? मला तरी तसं दिसलं नाही.

आता तुम्ही विचाराल, ऑर्डर मिळाली का? नाही मिळाली. सिनेमात हिरवे दिवे लागतात आणि आपल्याला घरी सोडतात. साळवंडीत दुसऱ्या दिवशी सकाळ झाली. काल्याला मी हट्ट धरला, कागद माझ्या हातात द्या म्हणालो. कागद आलाच नाही. आठवड्यात सिद्रामला घरी बसवलं. मी अर्ज लिहिले, दोनदा जिल्ह्याला गेलो, काही झालं नाही. आज तो बोअरच्या मोटारी दुरुस्त करतो. शेवंताबाई म्हणतात, तंगी आहे, पण मालक पोटभर जेवतात. त्यांनी नंतर तो सिनेमा पाहिला. म्हणाल्या, “चांगला हाय. रगत जरा कमी चाललं असतं.”

तर आता सांगा, दादा. तुम्ही, पहिल्या रांगेतले! पापी का पुण्यवान? गप्प का झालात? माझंच उत्तर ऐका. मी हजार आख्यानं सांगितली. गजेंद्राच्या पायाला मगर सांगितली, खांबातला देव सांगितला, लोकांना रडवलं. आणि तो माणूस चार वेळा एक मारधाडीचा सिनेमा बघून आला आणि वळला. मला विचाराल तर असला सिनेमा बघणारा पुण्यवान आहे, फक्त त्यानं घरी जाताना जिन्यावर थांबायला हवं. आणि जो थांबत नाही त्यानं कीर्तन ऐकलं काय आणि सिनेमा पाहिला काय! त्यात मी पहिला.

आता शेवट. आरतीचं तबक आणायची घाई करू नका, पुजारीबुवा.

आज सकाळी मी तुमच्या गावात आलो. वेशीवर माझे पाय धुतलेत. तांब्याची मोठी घागर, पूर्ण भरलेली, गार पाणी. दुपारी पंगत बघितली. मंडपाभोवती सडा बघितला. अंघोळीला म्हणाल तर दोन बादल्या! वैशाख आहे हा. मी कमिटीच्या लोकांना विचारलं, “पाणी कुठलं हो?” तर काय उत्तर आलं? “महाराज, तुम्ही काळजी करू नका. सोय केलीय.”

सोय केलीय! कुठून केलीय?

मी तेव्हा गप्प बसलो. पुन्हा! आता विचारतोय, माइकवर विचारतोय. या मंडपातलं पाणी कुणाच्या आळीतलं आहे?

कमिटीकडं बघू नका, कमिटी छताकडं बघतेय.

कुणीच नाही? देवाचं काम आहे म्हणून गप्प बसला असाल, तर तसं बसू नका. देवाला पाय धुवायला एवढं पाणी लागत नाही, ते मला लागतं.

थांबा. तिकडं मागं — बायकांच्या बाजूला, कनातीपाशी. कोण उठलंय? हिरव्या लुगड्यातल्या. अहो, त्यांचा पदर ओढू नका! त्यांना खाली बसवू नका! केरबाबुवा, माइकची वायर सोडा लांब. द्या तिकडं, द्या.

या गादीवरचा माणूस आरती होईपर्यंत बसत नाही, असा नियम आहे. मी बसलो, हा बघा, जमिनीवर बसलो.

बोला, माउली. आम्ही ऐकतोय. कुठली आळी तुमची? किती दिवस झाले?